‘वेड्या लोकांना खोली’ नाकारणाऱ्या माझ्या ग्रामसभेस खुले पत्र

मा. सरपंच, पंच सदस्य आणि त्या रविवारी ग्रामसभेला आलेले माझे गावकरी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची बाई. वरच्या वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत मी 31 वर्षे शिकवले. आज पंचायतीत बसणाऱ्या सातजणांपैकी तिघांनी माझ्यासमोर मुळाक्षरे गिरवली आहेत. त्या नात्याने हे सारे तुमच्या सोप्यावर बसून, चहा घेता घेता सांगता आले असते. पण निर्णय तुम्ही चारचौघांत घेतलात, तेव्हा माझे म्हणणेही चारचौघांत यायला हवे. गावाचे नाव मात्र लिहीत नाही. ही गोष्ट गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एकाच गावाची नाही, आणि ज्याच्यासाठी लिहिते आहे त्याला याच गावात राहायचे आहे.

त्या दिवशी जे सभेला नव्हते त्यांच्यासाठी सांगते. आमच्या महिला मंडळाने पंचायतीला एक अर्ज दिला होता. पंचायत घराच्या मागची खोली, जिथे पूर्वी वाचनालय होते आणि जिला आता आठ वर्षे कुलूप आहे, ती महिन्यातले दोन शनिवार दुपारी दोन-दोन तास वापरायला मिळावी. मनाच्या आजारातून जाणारी माणसे आणि त्यांच्या घरचे तिथे एकत्र बसतील, बोलतील. एक प्रशिक्षित समुपदेशक मोफत यायला तयार होती. वीजबिल आम्ही भरणार होतो, झाडलोटही आमचीच. अर्जावर दहा मिनिटेसुद्धा चर्चा झाली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “पिशांक कूड कित्याक जाय?” वेड्यांना खोली कशाला हवी? हशा पिकला. हात वर झाले आणि अर्ज फेटाळला गेला.

सोमवारी मी सचिवांकडून इतिवृत्ताची प्रत मागून घेतली. विषय असा नोंदवला आहे: ‘वेड्या लोकांना बसण्यासाठी खोली देणेबाबत.’ आमच्या अर्जात हा शब्द एकदाही आलेला नाही.

हशा पिकला तेव्हा माझा धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. सभेला यायचे म्हणून त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. तो हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. माझ्या पिशवीचा बंद तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी गोळ्या घेताना एवढेच म्हणाला, “बाय, फाल्यां कुळागराक मात वेगींच वतां.” उद्या कुळागरात, आमच्या माडा-पोफळीच्या बागेत, जरा लवकर जातो. लोक उठायच्या आत, असा त्याचा अर्थ होता.

हा माझा भाऊ 2002 साली 24 वर्षांचा होता. खाणीवर ट्रक वजन करायच्या काट्यावर त्याला नोकरी होती, हिशेबाला पक्का होता. त्या पावसाळ्यात तो आधी गप्प झाला, मग रात्री अंगणात फिरू लागला. “ते म्हाका आपयतात,” म्हणायचा. ते मला हाक मारतात. कोण, ते त्याला सांगता येत नव्हते. आम्ही काय केले? जे आपल्याकडे सगळे करतात तेच. घाड्याकडे, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याकडे, नेले. त्याने सांगितले, वडाखालचा देवचार, म्हणजे त्या जागेचा अदृश्य राखणदार, दुखावलाय. आईने हातातल्या पाटल्या मोडल्या. एक घाडी झाला, दुसरा झाला, मग पलीकडच्या तालुक्यातला तिसरा. देवळात प्रसाद लावून देवाचा कौल घेतला. मी शिकलेली, पोरांना विज्ञान शिकवणारी, त्या प्रत्येक खेपेला बरोबर होते. तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत भावाची नोकरी गेली, ठरत आलेले लग्न मोडले, आणि ज्या आजाराला सुरुवातीलाच औषध मिळाले असते तो मुरला.

शेवटी 2005 मध्ये पणजीजवळ बांबोळीला असलेल्या सरकारी मनोविकार व मानवी वर्तणूक संस्थेत नेले. तिथल्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितले की याला स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे, जसा कुणाला मधुमेह असतो तसा. गोळ्या रोज घ्याव्या लागतील, आणि यात तुमचा किंवा घराण्याचा काही दोष नाही. आई तिथेच रडायला लागली. तीन वर्षांत तिचा दोष नाही असे तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होते.

देवाधर्मावर माझा राग नाही. राखणदाराला आम्ही आजही वर्षाचा रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, देतो, भाऊच घेऊन जातो. पण रोटही द्यावा आणि गोळीही घ्यावी, हे सांगणारे त्या तीन वर्षांत आम्हाला गावात एकही माणूस भेटले नाही. आम्ही ती खोली मागितली ती यासाठीच.

आता सभेत तुम्ही जी कारणे दिलीत त्यांच्याकडे वळते.

पहिले कारण, शेजारी अंगणवाडी आहे, मुलांना धोका. आम्ही मागितलेली वेळ शनिवार दुपारची, तेव्हा अंगणवाडीला कुलूप असते. पण खरा मुद्दा तो नव्हे, तेव्हा खऱ्या मुद्द्यावरच बोलू. मनाच्या आजाराचा माणूस म्हणजे अंगावर धावून येणारा माणूस, हे चित्र आपण कुठून घेतले? असा माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा दुसऱ्यांचा मार खातो, हेच जास्त घडते. माझ्या भावाने वीस वर्षांत या गावात कुणावर हात उगारलेला नाही. त्याच्यावर मात्र दगड आलेले आहेत, बसस्टॉपवर त्याची टोपी काढून घेतली गेलेली आहे. औषधांमुळे त्याचे हात थरथरतात, म्हणून नव्या दुकानदाराने त्याला दारुडा समजून बाहेर काढले होते. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आणि सभेत हात वर करण्याआधी एक गोष्ट कुणीतरी तपासून पाहायला हवी होती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 19 वे कलम सांगते की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क आहे, त्याला वेगळे काढता येत नाही. हा कायदा 29 मे 2018 पासून साऱ्या देशाला लागू आहे. आपल्या पंचायतीलाही.

दुसरे कारण, गावाचे नाव जाईल, पोरांच्या सोयरिकी जुळणार नाहीत. हे बोलणाऱ्या पंच सदस्याचा मला राग आला नाही, कारण ही भीती मी माझ्या घरात पाहिली आहे. याच भीतीने आम्ही भावाला तीन वर्षे लपवले. पण हिशेब करून बघा. 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे दिसले, दहांमागे एकाहून थोडे जास्त. आपल्या गावची मतदारयादी बाराशेची. तोच हिशेब लावला तर सव्वाशेच्या आसपास माणसे होतात. यात स्किझोफ्रेनियासारखे आजार थोड्यांना, बाकी कुणाला उदासीनता, कुणाला धास्ती, कुणाला दारूचे व्यसन. आणि त्याच सर्वेक्षणाप्रमाणे आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. गावात अशी माणसे आहेतच. त्या दिवशी सभेत हसलेल्यांपैकी दोघांच्या घरी आहेत, आणि ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या घरच्या बाया रात्री माझ्याकडे येऊन बोलतात. दिवसा येत नाहीत. कुणाचे नाव माझ्या तोंडून कधी येणार नाही, निर्धास्त राहा. पण त्या बायांना दिवसाढवळ्या बसायला एक जागा हवी आहे.

तिसरे कारण सर्वांत जास्त वेळा ऐकू आले: बांबोळी आहे ना!

बांबोळी आहे, आणि तिथल्या माणसांचे आमच्या घरावर उपकार आहेत. पण बांबोळीची वाट कशी आहे ते ऐका. पहाटे पाचला उठायचे. पहिल्या बसने वाळपई. तिथून साखळी, डिचोली करत पणजी. कदंब स्टँडवर उतरून बांबोळीची बस. रांग, केसपेपर, डॉक्टर, पुन्हा औषधाची रांग. दुपारी स्टँडवर परत, संध्याकाळी घर. नोकरीत होते तेव्हा मी दर खेपेला रजा टाकली. ज्याच्या घरी रोजंदारी आहे त्याची दोन माणसांची मजुरी बुडते, आणि म्हणूनच दोन-तीन खेपांनंतर लोक जायचे सोडतात. मग आजार उलटतो, आणि आपण म्हणतो, बांबोळीचे औषध लागू पडले नाही.

2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला ते तुम्ही विसरला नसाल. आमचे कुळागर पाण्याखाली, रस्ता बंद, आणि भावाच्या गोळ्या संपलेल्या. पाणी उतरल्यावर मी जवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात गेले. उत्तर मिळाले, ही गोळी इथे नसते, बांबोळीला जा. रस्ता ठीक होऊन औषध हाती येईपर्यंत आठ दिवस खाडा पडला. आठव्या रात्री भाऊ पावसात माडाखाली उभा होता आणि पुन्हा कुणाला तरी उत्तरे देत होता. सोळा वर्षांत मिळवलेले आठ दिवसांत गेले. सावरायला पुढचे पाच महिने लागले. त्याच 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 18 वे कलम म्हणते की आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. रक्तदाबाची गोळी तालुक्यात मिळते, साखरेची मिळते. ही का नाही, असा ठराव पंचायतीने करायला हवा होता. तुम्ही ठराव केलात तो आमच्या कुलूपबंद खोलीविरुद्ध.

चौथे कारण एका ज्येष्ठ गावकऱ्यांनी दिले. पूर्वी असले काही नव्हते, मन घट्ट केले की सगळे होते. त्यांच्या वयाचा मान राखून मी त्यांना एका माणसाची आठवण करून देते. त्यांच्याही शेजारचा होता, माझ्याही. नाव लिहीत नाही, मुले शिकताहेत.

खनिज वाहतुकीसाठी त्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. मधल्या काळात थोडे हलले तेवढ्यात 2018 च्या मार्चपासून पुन्हा बंद. ट्रक दोन पावसाळे फणसाखाली उभा राहून गंजला. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, या साऱ्या पट्ट्यात असे ट्रक उभे होते आणि त्यांच्या हप्त्यांची, नुकसानभरपाईची चर्चा रोज पेपरात येत होती. ट्रकच्या मालकाला झोप लागते का, हे कुणी विचारले नाही. तो संध्याकाळी माझ्या सोप्यावर येऊन बसायचा. म्हणायचा, बाई, झोप येत नाही. जेवण गोड लागत नाही. पोरांशी बोलावेसे वाटत नाही. उदासीनतेच्या आजाराची लक्षणे एखाद्याने पुस्तकातून वाचून दाखवावीत तशी तो मला सांगत होता. घरात असा आजार असलेली मी, मी त्याला म्हणाले, देवाचे नाव घे, मन रमव, जाईल हेही. त्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला. घरच्यांनी पोलिसांच्या भीतीने ते दडवले. त्याआधी वर्षभर नवा कायदा लागू झाला होता. त्याच्या 115 व्या कलमाप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली आहे असेच धरायचे, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणे, उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य. हे आपल्या गावात कुणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते. 2019 च्या पावसाळ्यात तो आपल्याला सोडून गेला.

त्याचे मन घट्टच होते. सात वर्षे त्याने ते ओझे एकट्याने वाहिले.

आणि हे रोखण्याचे काम फार मोठे, फक्त मोठ्या डॉक्टरांचे, असेही नाही. ते गावपातळीवर होऊ शकते हे आपल्या गोव्यातच दाखवले गेले आहे. ‘संगत’ ही इथलीच संस्था, 1996 पासून काम करते. तिने गोव्यातल्या 12 सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि 12 खासगी दवाखान्यांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवले. उदासीनता आणि धास्तीच्या आजारांत, असा समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांतले सुमारे 66 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जिथे तो नव्हता तिथे साडेबेचाळीस टक्के. 2010 मध्ये हे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि इथले हे काम आज जगभर दाखला म्हणून सांगितले जाते. पुढे याच धर्तीवर उदासीनतेसाठी आणि दारूच्या व्यसनासाठी अर्ध्या-पाऊण तासाच्या मोजक्या बैठकांची पद्धत बसवली गेली, तीही गोव्याच्याच आरोग्य केंद्रांत. उदास माणसाला तिथे उपदेश करत नाहीत. आज घराबाहेर दोन पावले चाल, उद्या एका मित्राला फोन कर, असे एक-एक काम त्याच्या हाती देत त्याला पुन्हा माणसांत आणतात. माझ्या सोप्यावर बसलेल्या त्या माणसासमोर माझ्याऐवजी अशी प्रशिक्षित व्यक्ती असती तर, हा विचार मी सहा वर्षे करते आहे.

आमच्याकडे यायला तयार झालेली मुलगी याच पद्धतीने शिकलेली आहे. तुम्ही नाही म्हणालात ते तिला.

माझ्या मागण्या फार नाहीत.

1. इतिवृत्तातला ‘वेड्या लोकांना’ हा शब्दप्रयोग खोडून आमच्या अर्जातले मूळ शब्द तिथे लिहावेत. पुढच्या ग्रामसभेत जुने इतिवृत्त कायम करताना हे करता येते.

2. त्याच सभेत खोलीचा विषय पुन्हा घ्यावा, आणि मत घेण्याआधी ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना बोलू द्यावे. बोलणारा बोलत असताना कुणी हसू नये, याची जबाबदारी सभेच्या अध्यक्षांनी घ्यावी.

3. तालुक्याच्या सामूहिक आरोग्य केंद्रात मानसिक आजारांची औषधे बारमाही मिळावीत, तिथे ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ यावा आणि समुपदेशक रोज असावा, असा ठराव करून पंचायतीने तो आरोग्य खात्याला पाठवावा. ठराव लिहून द्यायला मी बसेन. शेजारच्या पंचायतींनीही तो करावा म्हणून दारोदार जायची माझी तयारी आहे.

4. 14416 हा ‘टेलि-मानस’ या मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा क्रमांक पंचायत घरावर, बसस्टॉपवर, शाळेत आणि गावातल्या दोन्ही दारूच्या बारांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवावा. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली ही सेवा आहे. फोन मोफत, दिवसरात्र कधीही करता येतो, मराठीतही बोलता येते. रंगाचा खर्च महिला मंडळ करील.

5. अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांना या आजारांची सुरुवातीची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा त्या ओलांडतात. 2002 मध्ये आमच्या घरी दर महिन्याला येणाऱ्या सिस्टरना ते मिळालेले असते, तर आईच्या पाटल्या राहिल्या असत्या आणि भावाची नोकरीही.

गावकऱ्यांकडेही एक मागणे आहे. मागच्या बाकावरून जो बोलला, तो कोण हे मला आवाजावरून कळले. मी त्याला बाराखडी शिकवली आहे. तुझ्यावर माझा राग नाही बाबा. पण एक दिवस सकाळी आमच्या कुळागरात ये. पाटाचे पाणी कुठल्या माडाला किती वेळ सोडायचे, कुठल्या पोफळीची सुपारी पिकत आली, कुठली मिरवेल यंदा धरणार नाही, हे माझ्या भावाइतके नेमके सांगणारा माणूस या वाड्यावर दुसरा नाही. अर्धा तास त्याच्याबरोबर शिंपण कर. तो स्वतःहून फार बोलणार नाही. तू विचारलेस तर सांगेल.

पुढच्या ग्रामसभेसाठी नवा अर्ज आम्ही याच आठवड्यात देतो आहोत. त्यावर माझ्या सहीखाली या वेळी त्याचीही सही आहे. त्याने ती तीनदा केली, पहिल्या दोन कागदांवर हात थरथरला म्हणून फाडून टाकल्या. मी म्हटले, राहू दे, चालेल ती. तो म्हणाला, नाही, नीट वाचता आली पाहिजे.

कळावे.

आपली,
वरच्या वाड्यावरची बाई
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सत्तरी, गोवा)